तिखट, धूर आणि तुरुंग

वऱ्हाडांतील घराघरांतून उन्हाळ्याच्या दिवसांत वर्षाचें तिखट कुटलें जातें. कुटणारीचे डोळे पाणावतात, शेजारच्या घरांतून शिंका ऐकूं येतात, आणि फोडणींत एखादी मिरची जळाली म्हणजे सारें घर खोकूं लागतें. अशा वेळीं गृहिणी काय करते? ती खिडकी उघडते, मुलांना अंगणांत पिटाळते आणि डोळ्यांवर पाण्याचा हबका मारून घेते. मोकळी हवा, दूर जाण्याची मोकळीक आणि पाणी, या तीन साध्या गोष्टींमुळेंच मिरची ही स्वयंपाकघरांतील वस्तु राहते. तिचें शस्त्र होत नाहीं. परंतु ज्याला खिडकी उघडतां येत नाहीं, ज्याला अंगणांत जातां येत नाहीं, आणि ज्याच्या वाट्याचें पाणीहि दुसऱ्याच्या हातीं असतें, असा एक मनुष्य समाजांत असतो. तो म्हणजे कैदी.

आज जगांतील कित्येक देशांच्या तुरुंगरक्षकांपाशीं मिरचीच्या अर्काची लहानशी कुपी असते. चाप दाबला कीं अर्काचा फवारा समोरच्याच्या डोळ्यांवर बसतो, पापण्या आपोआप मिटतात, श्वास कोंडतो आणि आडदांड मनुष्यहि कांहीं काळ निर्बळ होतो. हाड मोडत नाहीं, रक्त निघत नाहीं, म्हणून हें साधन सौम्य मानलें जातें. तें खरोखर सौम्य आहे काय, आणि बंद कोठडींतील मनुष्यावर तें केव्हां व कसें वापरावें, हा प्रश्न वरवर पाहतां नव्या जगाचा वाटतो. परंतु त्याचीं मुळें जुनीं आहेत. आणि त्यांतील कांहीं थेट वऱ्हाडच्या इतिहासांत पोंचतात.

तोबरा हा शब्द मूळचा घोड्याचा. दाणा भरून घोड्याच्या तोंडाला बांधावयाची ती पिशवी. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत पेंढाऱ्यांच्या टोळ्या नर्मदेच्या खोऱ्यांतून निघून दक्षिणेकडील गांवें लुटीत. पुरलेलें धन दाखवावें म्हणून ते घरधन्याच्या तोंडाला गरम राखेनें भरलेला तोबरा बांधीत आणि पाठींत गुद्दे घालीत. म्हणजे दचकून घेतलेल्या श्वासाबरोबर राख छातींत उतरे. मिरच्यांची धुरी देणें हा त्याच जातीचा दुसरा प्रकार. या साऱ्या उपायांचें मर्म एकच होतें. मारणाऱ्याला हत्यार लागत नव्हतें आणि मार खाणाऱ्याच्या अंगावर फारशी खूण उरत नव्हती. श्वास घेतल्यावांचून मनुष्याला राहतां येत नाहीं, या निसर्गनियमालाच येथें शत्रूच्या पक्षांत ओढलेलें असे.

पेंढारी १८१७-१८ च्या युद्धानंतर नाहींसे झाले. पण त्यांची युक्ति नाहींशी झाली नाहीं. कंपनी सरकारच्या राज्यांत सारा वसूल करणारे आणि गुन्हा कबूल करविणारे हाताखालचे नोकर तशाच युक्त्या वापरतात, अशा तक्रारी विलायतेपर्यंत गेल्या. त्यांची चौकशी करण्यासाठीं मद्रास इलाख्यांत १८५४ सालीं एक कमिशन नेमलें गेलें. त्याचा अहवाल १८५५ सालीं प्रसिद्ध झाला आणि डोळ्यांत तिखट घालण्यापासून बोटें चिमट्यांत आवळण्यापर्यंतचे अनेक प्रकार त्यांत नमूद झाले. पुढें १८६० सालीं भारतीय दंडसंहिता संमत झाली व १८६२ च्या आरंभापासून अमलांत आली. तिच्या ३३० व ३३१ या कलमांनीं कबुलीजबाब काढण्यासाठीं इजा करणाऱ्यास सात वर्षांपर्यंत, आणि इजा जबर असेल तर दहा वर्षांपर्यंत, कैद सांगितली. त्यांतील पहिल्या उदाहरणांतील आरोपी चोर किंवा दरोडेखोर नाहीं. तो पोलीस अधिकारी आहे. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यानें एक पाऊल पुढें टाकून, पोलीस अधिकाऱ्यासमोर दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध सिद्ध करतां येणार नाहीं, असें ठरविलें. तिखटानें मिळविलेल्या शब्दाची बाजारांतील किंमतच कायद्यानें अशा रीतीनें उतरवून टाकली.

वऱ्हाड या वेळीं निजामाच्या मालकीचा पण इंग्रजांच्या कारभाराखालील मुलूख होता. १८५३ च्या तहानें हैदराबादच्या कंटिंजंट फौजेच्या खर्चासाठीं तो कंपनीकडे सोंपविला गेला होता. पुढें १९०२ सालच्या करारानें कायमचा पट्टा झाला आणि १९०३ पासून त्याचा कारभार मध्यप्रांतास जोडला गेला. या दुहेरी नात्यामुळें हिंदुस्थान सरकारचे कायदे येथें आपोआप लागू होत नसत. ते निराळ्या हुकुमांनीं लावावे लागत. तरी एकदां ते लागू झाले कीं त्यांच्याबरोबर कचेरी, दवाखाना, शाळा आणि तुरुंग हीं चारहि ठिकाणें येत. पूर्व वऱ्हाडचें अमरावती आणि पश्चिम वऱ्हाडचें अकोला हीं दोन मुख्य शहरें; तेव्हां मोठे तुरुंगहि याच दोन शहरीं उभे राहिले.

तुरुंग ही संस्थाच या देशाला त्या रूपांत नवी होती. पूर्वीं किल्ल्यावर कैदी ठेवीत, दंड घेत, हातपाय तोडीत, गांवाबाहेर काढीत. पण चोराला मोजून अमुक वर्षें व अमुक महिने भिंतींआड ठेवावयाचें, त्याला ठरलेलें अन्न द्यावयाचें व ठरलेलें काम सांगावयाचें, ही कल्पना इंग्रजी अमलांत रुजली. तिच्या आरंभींचे विचार कठोरच होते. मेकॉले ज्या समितीचा सभासद होता, त्या समितीनें १८३८ च्या अहवालांत तुरुंगाचा धाक वाढविण्यावर भर दिला. परंतु धाक वाढविण्यापूर्वींच रोगांनीं कैदी मरूं लागले. तेव्हां १८६४ च्या समितीला भिंतींच्या आंतील हवा मोजावी लागली. दर कैद्यास ५४ चौरस फूट जागा आणि ६४० घनफूट हवा असावी, असें तिनें सुचविलें. कैद्याच्या वाट्याला येणारा श्वास हा सरकारी हिशेबाचा विषय झाला. पुढें येणाऱ्या धुराच्या प्रश्नाकडे पाहतांना हा आंकडा ध्यानांत ठेवण्यासारखा आहे.

या साऱ्या समित्यांचें सार १८९४ च्या तुरुंगाच्या कायद्यांत उतरलें. तो कायदा दयाळू होता, असें कोणी म्हणणार नाहीं. त्यांतील शिक्षांची यादी वाचतांना आजहि अंगावर कांटा येतो. साधी ताकीद, काम बदलणें, सवलती काढून घेणें, तीन महिन्यांपर्यंत गोणपाटाचे कपडे, हातकड्या, बेड्या, वेगळी कोठडी, कमी अन्न आणि शेवटीं फटके, अशी ती उतरंड होती. तथापि प्रत्येक पायरीवर माप घातलेलें होतें. कमी अन्नाची शिक्षा सलग ९६ तासांपेक्षां अधिक देतां येत नसे, आणि एक आठवडा लोटल्याशिवाय व नवा गुन्हा घडल्याशिवाय ती पुन्हां देतां येत नसे. एकांत कोठडीची एक जात चवदा दिवसांची होती, आणि ती संपल्यावर तितकाच काळ मध्यें जाऊं द्यावा लागे. फटके तिसाहून अधिक नकोत. वेत अर्ध्या इंचापेक्षां कमी जाडीचा नको. ते हप्त्याहप्त्यांनीं मारावयाचे नाहींत. तुरुंगाचा अधीक्षक आणि वैद्यकीय अधिकारी किंवा त्याचा दुय्यम समोर असल्याशिवाय मारावयाचे नाहींत. स्त्रियांना व दिवाणी कैद्यांना फटके नाहींत आणि बेड्याहि नाहींत.

या मापांपेक्षां महत्त्वाचीं अशीं चार कलमें त्याच कायद्यांत आलीं आहेत. त्यांतील ४९ वें कलम सांगतें कीं, न्यायालयाच्या हुकुमावांचून, या यादींत नसलेली कोणतीहि शिक्षा कोणत्याहि कैद्यास देतां येणार नाहीं. ५० वें कलम सांगतें कीं, कमी अन्न, फटके किंवा काम बदलण्याची शिक्षा देण्यापूर्वीं कैद्याची प्रकृति ती सोसण्याजोगी आहे, असा डॉक्टरचा दाखला पाहिजे. ५१ वें कलम शिक्षेच्या पुस्तकाचें आहे. कैद्याचें नांव, गुन्हा, तारीख, पूर्वींचे गुन्हे, दिलेली शिक्षा हें सर्व त्यांत लिहावयाचें, आणि गंभीर प्रसंगीं साक्षीदार, कैद्याचें म्हणणें व निर्णयाचीं कारणेंहि नोंदावयाचीं. त्यापुढें ५४ व्या कलमांत तुरुंगाच्या नोकरालाच पिंजऱ्यांत उभें केलें आहे. कर्तव्य मोडणाऱ्या जेलरला किंवा शिपायाला दोनशें रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही शिक्षा होऊं शकत. बंडाच्या अथवा पळून जाण्याच्या प्रसंगीं शस्त्र केव्हां उचलावें, याचे नियम करण्याचा अधिकार याच कायद्यानें सरकारला दिला.

या कलमांचा एकत्र अर्थ लावला म्हणजे एक तत्त्व स्पष्ट होतें. शिक्षा वेगळी आणि आवर घालणें वेगळें. कैदी दुसऱ्याचा गळा दाबीत असेल तर त्याला ओढून काढण्यासाठीं बळ वापरणें ही शिक्षा नव्हे. ती त्या क्षणाची गरज आहे, आणि तो क्षण संपला कीं ती गरजहि संपते. परंतु कैदी शांत झाल्यावर, किंवा त्यानें शिवी दिली म्हणून, किंवा काल केलेल्या दांडगाईबद्दल आज, त्याच्यावर हात टाकला तर ती शिक्षा होते. आणि यादींत नसलेली शिक्षा बेकायदा होते. १८९४ सालीं मिरचीच्या फवाऱ्याची कल्पनाहि कोणाला नव्हती. तरीहि त्याला लागू पडणारी खरी कसोटी त्या जुन्या कायद्यांत लिहिलेली आहे. आवर घालण्याचें साधन जेव्हां शिक्षेचें साधन होतें, तेव्हां कायदा मोडतो.

कायदा पुस्तकांत असणें आणि कोठडींत असणें यांत मात्र फार अंतर असतें. तें अंतर सुशिक्षित समाजाच्या ध्यानांत आलें तें राजकीय कैद्यांमुळें. डिसेंबर १८९७ मध्यें काँग्रेसचें अधिवेशन अमरावतीस भरलें. सर शंकरन् नायर अध्यक्ष होते आणि स्वागताध्यक्ष अमरावतीचे दादासाहेब खापर्डे. त्या वेळीं लोकमान्य टिळक राजद्रोहाच्या शिक्षेवर तुरुंगांत होते. त्या मंडपांतून सुरेंद्रनाथ बॅनर्जी यांनीं टिळकांविषयीं काढलेले सहानुभूतीचे उद्गार देशभर गाजले. टिळकांचें वजन तुरुंगांत झपाट्यानें उतरत होतें आणि तेथील अन्न त्यांना सोसत नव्हतें, हें वर्तमान घरोघर पोंचलें होतें. तोपर्यंत तुरुंगांतील अन्न हा चोरदरोडेखोरांचा प्रश्न होता. आतां तो वाचकवर्गाच्या घरचा प्रश्न झाला.

पुढें १९१९-२० मध्यें सर अलेक्झांडर कार्ड्यू यांच्या अध्यक्षतेखालीं हिंदी तुरुंगांची मोठी पाहणी झाली. तुरुंगाचें काम केवळ धाक बसविणें नसून मनुष्य सुधारणें हें आहे, असें त्या समितीनें स्पष्ट म्हटलें. शब्द मोठे होते. पण तीनच वर्षांनीं त्यांची परीक्षा झाली. १९२३ च्या मे महिन्यांत नागपूरला झेंडा सत्याग्रह सुरू झाला. प्रांतोप्रांतींचे स्वयंसेवक येत आणि पकडले जात. दीड हजारांहून अधिक लोकांना अटक झाली, तेव्हां नागपूरचा तुरुंग पुरेनासा होणें स्वाभाविकच होतें. त्या सत्याग्रहांत जूनमध्यें पकडलेल्या विनोबा भाव्यांना नागपूरहून अकोल्याच्या तुरुंगांत हलविण्यांत आलें. ऑगस्टमध्यें मिरवणूक निघाली, तडजोड झाली आणि सत्याग्रही सुटले. १९३० सालीं पुन्हां तीच गर्दी झाली. अकोला जिल्ह्यांत दहीहंड्यास खाऱ्या विहिरीच्या पाण्यापासून मीठ करण्यांत आलें, पुसदला बापूजी अण्यांनीं जंगलचें गवत कापून कायदा मोडला, आणि वऱ्हाडांतील शेंकडों घरांतील कोणी ना कोणी तुरुंगांत गेलें. १९४२ सालीं यावली, बेनोडा या अमरावती जिल्ह्यांतील गांवांनीं गोळीबार पाहिला आणि तुरुंग पुन्हां भरले.

या तीन लाटांनीं एक गोष्ट घडविली. वकील, शिक्षक, व्यापारी, संपादक हे लोक बराकींत राहून आले. पहांटेची मोजणी, चक्की, तट्ट्याची जेवणाची थाळी, दंडाबेडीचा आवाज आणि धोक्याची घंटा होतांच लाठ्या घेऊन धांवणारे वॉर्डर यांची त्यांना ओळख झाली. सत्याग्रह्याजवळ निदान नांव होतें, वर्तमानपत्र होतें, बाहेर सभा होती. त्याच बराकीच्या पलीकडे असलेल्या साध्या कैद्याजवळ यांपैकीं कांहींच नव्हतें. त्याचें संरक्षण करावयाला शिक्षेच्या पुस्तकांतील ओळ आणि डॉक्टरची सही एवढींच होतीं. आणि तीं प्रामाणिक असतील तितकेंच तें संरक्षण खरें होतें.

याच काळांत दूर युरोपांत एक नवें शस्त्र जन्मास येत होतें. पॅरिसच्या पोलिसांनीं १९१२ च्या सुमारास डोळ्यांत पाणी आणणारें द्रव्य गुन्हेगारांना धरण्यासाठीं वापरलें. १९१४ सालीं महायुद्ध पेटतांच तीं गोळ्यांच्या रूपानें रणांगणावर गेलीं, आणि २२ एप्रिल १९१५ रोजीं जर्मनांनीं ईप्र येथें क्लोरीनचा प्राणघातक धूर सोडला. त्या लढाईंत हिंदी सैन्याची लाहोर डिव्हिजनहि पुढें ढकलली गेली, आणि या देशाच्या शिपायांनीं विषारी वायूचा पहिला अनुभव घेतला. युद्ध संपल्यावर १९२५ च्या जिनीव्हा करारानें युद्धांत असे वायु वापरण्यास बंदी घातली. परंतु रणांगणाचें दार बंद होत असतांना शहराचें व तुरुंगाचें दार उघडत होतें. अमेरिकेंत पोलिसांच्या हातीं अश्रुधूर आला. १९३४ सालीं सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरांतील आल्काट्राझ बेटावर जो संघराज्याचा तुरुंग सुरू झाला, त्याच्या भोजनगृहाच्या छतालाच अश्रुधुराचीं नळकांडीं बसविलेलीं होतीं. शेंकडों कैदी डोक्यावर तें नळकांडें घेऊन जेवत. तें फोडण्याची वेळ कधीं आली नाहीं, असें सांगतात. पण जेवणाऱ्याच्या डोक्यावर टांगलेली भीति हीहि एक प्रकारची शिक्षाच नव्हे काय?

मिरचीचा शास्त्रीय इतिहास याच्याहून जुना आहे. तिच्या तिखटपणाचें द्रव्य थ्रेश या इंग्रज रसायनज्ञानें १८७६ सालीं जवळजवळ शुद्ध स्वरूपांत काढून त्याला कॅप्सेसिन असें नांव दिलें. १९१२ सालीं स्कोव्हिल यानें तिखटपणा मोजण्याची रीत बसविली. १९२८ सालीं कोर्सन व स्टॉटन या अमेरिकन रसायनज्ञांनीं नवें अश्रुजनक द्रव्य तयार केलें. त्यांच्या आडनांवांच्या आद्याक्षरांवरून तें सी. एस. म्हणून ओळखलें जातें. मिरचीच्या अर्काचा फवारा अमेरिकेच्या पोलिसखात्यांत १९८० नंतरच्या दशकांत रूढ झाला. भारतांत सीमा सुरक्षा दलानें ग्वाल्हेरजवळ टेकनपूर येथें १९७६ सालीं अश्रुधुराचा कारखाना काढला. तिखटपणाच्या मापावर दहा लाखांहून वर गेलेल्या आसामच्या भूत झोलकिया मिरचीपासून तेजपूरच्या संरक्षण प्रयोगशाळेनें हातबाँब तयार केले. २०१४ च्या फेब्रुवारींत खुद्द लोकसभेंत एका सभासदानें मिरचीचा फवारा उडविला, आणि खोकत, डोळे चोळीत बाहेर धांवणारे लोकप्रतिनिधि साऱ्या देशानें पाहिले. २०१६ सालीं काश्मिरांत छर्ऱ्यांच्या बंदुकींना पर्याय म्हणून मिरचीच्या जातीच्या ‘पावा’ या कृत्रिम द्रव्याचे गोळे मंजूर झाले.

येथें एक विसंगति ध्यानांत येते. १९९३ च्या रासायनिक शस्त्रांविषयींच्या कराराप्रमाणें, जो १९९७ पासून अमलांत आला आणि ज्यांत भारतहि सामील आहे, दंगल आवरण्याचीं अशीं द्रव्यें युद्धांत वापरण्यास मनाई आहे. पण देशांतर्गत कायदा राखण्यासाठीं तीं वापरतां येतात. शत्रूच्या शिपायावर जें सोडतां येत नाहीं, तें आपल्याच नागरिकावर सोडतां येतें. या सवलतीचें समर्थन असें केलें जातें कीं, पोलीस अश्रुधूर सोडतात तो जमाव पांगावा म्हणून. आणि जमावाला पांगावयाला रस्ता असतो.

तुरुंगांत हें समर्थन गळून पडतें. कोठडींतला मनुष्य पांगूं शकत नाहीं. धूर त्याच्याबरोबर कोंडला जातो आणि जितका काळ दार बंद, तितका काळ त्याचा परिणाम चालूं राहतो. ऑगस्ट २०१३ मध्यें ईजिप्तमध्यें कैरोजवळच्या अबू झाबल तुरुंगाच्या आवारांत कैद्यांनीं खच्चून भरलेल्या बंद गाडींत अश्रुधूर सोडण्यांत आला, आणि ३७ कैदी मृत्यु पावले. उघड्या मैदानावर ज्या मात्रेनें फक्त डोळे चुरचुरले असते, ती मात्रा त्या लोखंडी पेटींत प्राणघातक झाली. युरोपांतील मानवी हक्कांच्या न्यायालयानें फेब्रुवारी २०१४ मध्यें एस्टोनियाच्या एका कैद्याच्या प्रकरणांत, कोंडलेल्या जागेंत मिरचीचा फवारा वापरूं नये, या तज्ज्ञ समितीच्या मताचा आधार घेतला, आणि त्याच्यावर फवारा, दंडुका व बांधून ठेवण्याचा पलंग यांचा जो प्रयोग झाला तो अमानुष वागणुकीच्या मनाईचा भंग ठरविला. त्याच वर्षीं एप्रिलमध्यें कॅलिफोर्नियांतील एका न्यायाधीशानें, मनोरुग्ण कैद्यांवर ज्या रीतीनें फवारे मारले जात होते ती रीत घटनाविरुद्ध ठरविली. हुकूम समजण्याची शक्तिच ज्याच्या ठायीं नाहीं, त्यानें हुकूम पाळावा म्हणून त्याला तिखटानें भिजविणें हा न्याय नव्हे, हें त्या निर्णयाचें तात्पर्य.

याचा अर्थ तुरुंगरक्षकाची बाजू खोटी आहे, असा मात्र नाहीं. शंभरांसाठीं बांधलेल्या जागेंत दीडशें मनुष्यें असतात, पहाऱ्यावर थोडे शिपाई असतात, आणि पत्र्याच्या तुकड्याचेंहि हत्यार होतें. एका कैद्यानें दुसऱ्याला भोसकावयास घेतलें तर रक्षकानें काय करावें? लाठीनें डोकें फुटतें, गोळीनें जीव जातो. फवाऱ्यानें निदान दोघेहि वांचतात, असें तो म्हणतो, आणि त्या एका प्रसंगापुरतें त्याचें म्हणणें खरेंहि असतें. इंग्लंडनें चार तुरुंगांत प्रयोग करून २०१८ सालीं प्रौढ पुरुषांच्या तुरुंगांतील रक्षकांना ‘पावा’ देण्याचें ठरविलें. त्या प्रयोगाच्या परीक्षणांत मात्र असें दिसलें कीं, कांहीं गंभीर प्रसंग या साधनानें टळले असले तरी तुरुंगांतील एकूण मारामारी त्यानें कमी झाली नाहीं. हें स्वाभाविकच आहे. मारामारी गर्दींतून, रिकामपणांतून, अन्यायाच्या भावनेंतून आणि टोळ्यांच्या वैरांतून उत्पन्न होते; यांपैकीं कोणताहि रोग डोळ्यांत पाणी आणून बरा होत नाहीं.

स्वतंत्र भारतांत या प्रश्नाचा पाया न्यायालयांनीं घातला. १९५५ सालीं न्यायालयांनीं द्यावयाची फटक्यांची शिक्षा रद्द झाली. १९७८ सालीं सुनील बत्रा यांच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें एकांत कोठडी व बेड्या यांचा विचार करून, तुरुंगाच्या दारांतून आंत जातांना मनुष्याचे मूलभूत हक्क दाराबाहेर गळून पडत नाहींत, असें सांगितलें. पुढच्याच वर्षीं त्याच कैद्यानें दुसऱ्या एका कैद्याच्या छळाविषयीं न्यायमूर्तींना पत्र लिहिलें, आणि तें पत्रच अर्ज समजून न्यायालयानें चौकशी केली. १८९४ च्या शिक्षेच्या पुस्तकांत जी ओळ लिहिली जात नव्हती, ती एका कैद्यानें कागदाच्या तुकड्यावर लिहून दिल्लीच्या न्यायासनापर्यंत पोंचविली. १७ डिसेंबर २०१५ रोजीं संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनें जे नियम स्वीकारले, त्यांना सत्तावीस वर्षें तुरुंगांत काढलेल्या नेल्सन मंडेलांचें नांव दिलें आहे. त्यांतील ८२ वा नियम बळाविषयीं आहे. स्वसंरक्षण, पलायनाचा प्रयत्न, किंवा कायदेशीर हुकुमाला प्रत्यक्ष विरोध, एवढ्याच प्रसंगीं बळ वापरावें. तें अत्यावश्यक तेवढेंच असावें. आणि घडलेला प्रकार ताबडतोब तुरुंगाच्या प्रमुखाला कळवावा. भारत सरकारनें २०१६ सालीं राज्यांसाठीं नमुन्याची कारागृह नियमावली काढली, आणि २०२३ सालीं जुन्या कायद्याच्या जागीं घेण्यासाठीं नमुन्याचा नवा कायदा राज्यांकडे पाठविला.

तेव्हां अमरावती, अकोला किंवा दुसऱ्या कोणत्याहि तुरुंगांत मिरचीची कुपी द्यावयाची झाली, तर तिच्याबरोबर कोणते नियम गेले पाहिजेत, हें इतिहासच सांगतो. ती शिक्षेचें साधन होतां कामा नये. कैदी आवरला गेला कीं चाप सुटला पाहिजे. शक्य असेल तेथें आधीं तोंडी ताकीद द्यावी. बेडींत किंवा बांधलेल्या अवस्थेंत असलेल्या कैद्यावर ती कदापि वापरूं नये. दमेकरी, हृदयरोगी, गरोदर स्त्रिया आणि मनोरुग्ण यांची नोंद रक्षकांना आधींच ठाऊक असावी, आणि त्यांच्याबाबतींत दुसरा मार्ग शोधावा. फवारा मारल्याबरोबर कैद्याला बाहेर हवेंत आणावें, वाहत्या पाण्यानें डोळे धुवावे, कपडे बदलावे, आणि त्याला पालथा दाबून ठेवूं नये. त्याच दिवशीं डॉक्टरनें तपासावें. कोणी, कोणावर, किती वेळां आणि कां फवारा मारला, हें लिहावें. त्या लिखाणांत कैद्याचें म्हणणेंहि असावें. आणि ज्यानें चाप दाबला त्याच्याखेरीज दुसऱ्या कोणीतरी तें लिखाण तपासावें. यांतील डॉक्टर, पुस्तक आणि अधिकाऱ्याची जबाबदारी हीं तीन सूत्रें १८९४ च्या कायद्यांतलींच आहेत. हवेचा हिशेब १८६४ च्या समितीचा आहे.

पेंढाऱ्याचा तोबरा आणि आजची कुपी यांत साम्य फार नाहीं, असें कोणी म्हणेल. आणि हेतु चांगला असेल तोंवर तें खरेंहि आहे. परंतु दोहोंचा जोर एकाच ठिकाणीं आहे. दोन्हीं साधनें मनुष्याच्या श्वासावर हात टाकतात आणि दोन्हीं खूण ठेवीत नाहींत. जखम दिसते तेव्हां ती स्वतःच साक्ष देते. जी दिसत नाहीं तिच्यासाठीं साक्षीदार मुद्दाम निर्माण करावे लागतात. म्हणून शस्त्र जितकें सौम्य दिसेल, तितका त्याचा हिशेब अधिक कडक हवा. भिंतींआड काय चाललें आहे हें भिंतीबाहेरच्या सुशिक्षित घरांना जाणून घ्यावेंसें वाटेल, तोंवरच तो हिशेब खरा राहील.